पीटेन आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींची चाल: नवख्यांसाठी प्रयोगाची वाट

पीसी-३ या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींमध्ये पीटेन हे त्यांच्यात नसलेले गाठरोधक प्रथिन परत घातले की प्लेटवरच्या पेशींच्या थरात मारलेला ओरखडा भरून यायला जास्त वेळ लागतो. हे चित्र मिळवणे फारसे कठीण नाही. कठीण आहे तो त्याच्या पुढचा प्रश्न: ओरखडा उशिरा भरला तो पेशी हळू सरकल्या म्हणून, कमी विभागल्या म्हणून, की काही मेल्या म्हणून? पीटेन तिन्ही करते. ते विभाजन रोखते, उपाशी पेशींना मरणाकडे ढकलते आणि पेशीच्या पुढच्या कडेलाही आवर घालते. ओरखड्याच्या एका फोटोत ही तिन्ही कामे मिसळलेली असतात. नव्या विद्यार्थ्यांचे सर्वात जास्त श्रम इथेच वाया जातात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याच्या हिशेबाने लिहिली आहे. पेशी वाढवणे, मोजणे आणि वेस्टर्न ब्लॉट करणे (जेलवर प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणे) एवढे हाताला येत असेल तर बाकीचे इथून उचलता येईल.

पीटेन काय करते

१९९७ साली हे जनुक वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधले. ते १० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, १०क्यू२३ या ठिकाणी असते. प्रथिन ४०३ अमिनो आम्लांचे आहे. हिशेबाने वजन ४७ किलोडाल्टन येते, पण जेलवर पट्टी ५४ च्या आसपास दिसते. पहिल्यांदा ब्लॉट करणारा इथे हमखास गोंधळतो.

पेशीच्या पटलात पीआयपी-३ नावाचे एक लिपिड असते. पीआय-३-कायनेज हे एन्झाइम ते तयार करते आणि पीटेन त्याच्या तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट काढून त्याचे पुन्हा पीआयपी-२ करून टाकते. पेशी ज्या दिशेला निघते त्या कडेला पीआयपी-३ साठते. तिथे रॅक हे छोटे प्रथिन जागे होते, अ‍ॅक्टिनचे जाळे वाढते आणि पटल पंख्यासारखे पुढे पसरते. डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या एकपेशीय जीवात २००२ च्या सुमारास हे फार सुंदर दिसले: पीआयपी-३ पुढच्या टोकाला, पीटेन मागे आणि बाजूंना. पीटेन नसले की ‘पुढे’ आणि ‘मागे’ हा भेदच पुसट होतो. पीटेनचा परिणाम वेगावरच होईल असे नाही, दिशेवरही होऊ शकतो, हे त्यामुळे आधीच मनात धरून ठेवा. मोजणीची पद्धत निवडताना ते उपयोगी पडते.

याशिवाय पीटेनला प्रथिनांवरचा फॉस्फेट काढण्याचीही थोडी क्षमता आहे. पेशी जिथे पृष्ठभागाला चिकटते तिथल्या फॅक या प्रथिनाशी त्याचा संबंध १९९८ सालीच जोडला गेला. म्हणजे चाल रोखण्याच्या वाटा निदान दोन: लिपिडची आणि प्रथिनाची. त्या वेगळ्या कशा करायच्या ते पुढे येईल.

प्रोस्टेटमध्ये हे जनुक का महत्त्वाचे, तर सुरुवातीच्या गाठींपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात आणि हार्मोन-उपचारांना न जुमानणाऱ्या, पसरलेल्या आजारात त्याच्या जवळपास दुपटीने ते हरवलेले किंवा बिघडलेले आढळते. मात्र प्लेटवरची चाल आणि रुग्णाच्या हाडापर्यंत पोहोचलेला आजार यांच्यामध्ये रक्तवाहिनीत शिरणे, प्रवाहात तगून राहणे, नव्या जागी रुजणे असे अनेक टप्पे आहेत. ओरखडा हळू भरला, एवढ्यावर ‘पीटेन मेटास्टॅसिस (गाठीचे शरीरात दुसरीकडे पसरणे) थांबवते’ असे वाक्य लिहू नका.

पायरी १: पेशी निवडा आणि त्यांची कुंडली वाचा

पीसी-३ ही मणक्यातल्या मेटास्टॅसिसपासून बनवलेली पेशीरेषा १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पीटेन नाही, पी५३ हे दुसरे गाठरोधक प्रथिन नाही आणि पुरुषी हार्मोन ओळखणारा अँड्रोजन रिसेप्टरही नाही. ती नीट चिकटते, नीट पसरते आणि भरपूर चालते. पीटेन परत घालण्याच्या प्रयोगासाठी हीच घ्या.

डीयू१४५ मेंदूतल्या मेटास्टॅसिसमधून आलेली. तिच्यात पीटेन आहे, त्यामुळे उलट प्रयोग, म्हणजे पीटेन कमी करून चाल वाढते का हे पाहणे, इथे करता येतो. तिच्यातले पी५३ बदललेले आहे आणि आरबी हे आणखी एक गाठरोधक प्रथिनही बिघडलेले आहे.

एलएनकॅप लसिकाग्रंथीतून आलेली. पीटेन नाही, पी५३ मात्र शाबूत, अँड्रोजन रिसेप्टर आहे पण बदललेला. कागदावर ही रेषा फार आकर्षक वाटते. हाताळायला मात्र त्रासदायक: पेशी सैल चिकटतात, गठ्ठे करतात, आणि ओरखडा मारला की आजूबाजूचा थर चादरीसारखा सुटून येतो. नवख्याने ओरखड्यासाठी एलएनकॅप घेऊच नये. घ्यायचीच असेल तर प्लेटला पॉली-लायसिनचा थर द्या आणि एकेका पेशीचा माग काढण्याची पद्धत वापरा.

भारतात या रेषा मिळवण्याची सरळ जागा म्हणजे पुण्याच्या एनसीसीएसचे (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे) पेशीभांडार. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘एक फ्लास्क’ आणणे सोयीचे वाटते, पण त्या फ्लास्कचा इतिहास कुणालाच सांगता येत नाही. कुठूनही आणा, पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशीरेषेची ओळख पटवणे) करून ही खरेच पीसी-३ आहे याची खात्री करा. आणि पीसीआरने मायकोप्लाझ्मा (पेशींबरोबर लपून वाढणारे बारीक जिवाणू) तपासा. मायकोप्लाझ्मामुळे मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पण पेशींची वाढ, चिकटणे आणि चाल तिन्ही बदलतात. एका प्लेटमध्ये लागण आणि दुसरीत नाही, असे झाले तर तुमचा सगळा ‘पीटेनचा परिणाम’ त्यातूनच आलेला असू शकतो.

पीसी-३ साठी एफ-१२के किंवा आरपीएमआय-१६४० मीडियम आणि १० टक्के सिरम चालते. एकदा जे ठरवाल ते शेवटपर्यंत बदलू नका, सिरमची बाटलीही एकाच लॉटची ठेवा. ७० ते ८० टक्के भरल्यावरच उचला आणि २० पॅसेजच्या (पेशी उचलून नव्याने पेरण्याच्या खेपांच्या) आत प्रयोग संपवा.

पायरी २: पीटेन परत घाला, पण बेताने

सर्वात सोपा मार्ग म्हणजे प्लाझ्मिड (जनुक वाहणारे डीएनएचे वर्तुळ) थेट ट्रान्सफेक्ट करणे, म्हणजे पेशींत शिरवणे. त्यात निम्म्या पेशींना प्लाझ्मिड मिळते, निम्म्यांना नाही, आणि मिळालेल्यांतही काहींत पीटेन भरमसाट होते. ओरखड्याच्या प्रयोगात न मिळालेल्या पेशी पुढे धावतात आणि फरक झाकून टाकतात. त्यामुळे लेंटिव्हायरस या, पेशीच्या डीएनएत जनुक बसवणाऱ्या विषाणूने स्थिर रेषा बनवणे बरे.

इथे एक सापळा आहे. पीटेन सतत चालू असलेल्या पेशी हळू वाढतात. ज्या पेशींत ते कसेबसे बंद पडले त्या वेगाने वाढतात. तीन-चार आठवड्यांत फ्लास्क अशाच पेशींनी भरतो. पहिल्या ब्लॉटमध्ये झकास दिसणारी पट्टी महिन्याने फिकट होते, आणि विद्यार्थी अँटिबॉडीला दोष देत बसतो. यावर उपाय म्हणजे डॉक्सिसायक्लिनने चालू होणारी रचना. औषध घातले की पीटेन सुरू, नाही तर बंद.

व्हायरस २९३टी पेशींत बनवा, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरने गाळा, मिलीलीटरला ८ मायक्रोग्रॅम पॉलिब्रीन घालून पीसी-३ ला रात्रभर द्या. ४८ तासांनी प्युरोमायसिनने निवड करा, म्हणजे जनुक न मिळालेल्या पेशी मरतात. मात्रा साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर लागते, पण आधी न बदललेल्या पेशींवर ०.५ ते ४ पर्यंत पायऱ्या लावून चार दिवसांत सगळ्या मरतील अशी सर्वात कमी मात्रा शोधा. लेंटिव्हायरसचे काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हातात हवी. ही कागदपत्रे महिनाभर खातात, तेव्हा अर्ज पहिल्या दिवशी टाका.

डॉक्सिसायक्लिनची मात्रा १०० ते ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर ठेवा आणि दर ४८ तासांनी ताजे घाला. सिरम टेट्रासायक्लिनमुक्त हवे, नाहीतर औषध न घालताही पीटेन थोडे थोडे चालू राहते. आणि ज्याकडे सहज दुर्लक्ष होते ती गोष्ट: डॉक्सिसायक्लिन स्वतःच मॅट्रिक्स कापणाऱ्या एन्झाइमांना रोखते आणि मायटोकॉन्ड्रियाचे कामही मंद करते. म्हणून प्रत्येक प्रयोगात चार खाने लागतात: रिकामा व्हेक्टर औषधाशिवाय, रिकामा व्हेक्टर औषधासह, पीटेन औषधाशिवाय, पीटेन औषधासह. तुलना करायची ती औषध घेतलेल्या दोघांची. दोनच खाने लावून केलेला प्रयोग कितीही देखणा असला तरी तो पुन्हा करावा लागेल.

पीटेनला हिरवे चमकणारे प्रथिन जोडायचे असेल तर ते शेवटच्या टोकाला जोडा. सुरुवातीच्या टोकाला पटलाशी जुळणारा छोटा तुकडा असतो, तिथे मोठे ओझे लावले तर पीटेन पटलावर नीट बसत नाही.

डीयू१४५ मध्ये उलट बाजू पाहायची तर १० ते २० नॅनोमोलर सायआरएनए (नेमके जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) द्या आणि ४८ ते ७२ तासांनी चाल मोजा. दोन वेगवेगळे सायआरएनए आणि एक निष्क्रिय घ्या. दोघांचे उत्तर जुळले नाही तर त्यातला एक दुसऱ्याच कुठल्या जनुकाला लागतो आहे असे समजा.

पायरी ३: पीटेन आले आहे आणि काम करते आहे, हे दाखवा

पट्टी दिसली म्हणजे प्रथिन आहे एवढेच कळते. ते काम करते का, हे पीआयपी-३ मुळे जागे होणाऱ्या एकेटी या प्रथिनाच्या सेरिन-४७३ वरच्या फॉस्फेटवरून कळते. पीसी-३ मध्ये पेशी उपाशी ठेवल्या तरी हा फॉस्फेट टिकून राहतो, कारण पीआयपी-३ काढायला कुणी नसते. पीटेन आले की तो घसरतो. भरपूर सिरममध्ये हा फरक बुजतो, म्हणून पेशी १६ तास ०.५ टक्के सिरममध्ये ठेवून मग फोडा. प्लेट बर्फावर, बफर थंड, त्यात प्रोटिएज आणि फॉस्फटेज दोन्हींचे रोधक. रोधक विसरलात किंवा दहा मिनिटे टेबलावर रेंगाळलात तर फॉस्फेट आपोआप उडून जातो आणि कंट्रोलमध्येही ‘पीटेनचा परिणाम’ दिसू लागतो.

२० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन भरा. फॉस्फो-अँटिबॉडीसाठी दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरा. एकूण एकेटी ६० किलोडाल्टनला दिसते, तिची पट्टी वेगळी दाखवा. लोडिंगसाठी बीटा-अ‍ॅक्टिन घेतले तर ते ४२ ते ४५ वर, पीटेनच्या फार जवळ पडते. त्यापेक्षा ३७ चे जीएपीडीएच किंवा ११७ चे व्हिन्क्युलिन सोयीचे.

याच जेलवर डीयू१४५ चा एक नमुना जरूर चालवा. तुमच्या पीसी-३ मधले पीटेन डीयू१४५ च्या नैसर्गिक पातळीच्या जवळ असावे. दहापट असेल तर जे दिसेल ते पेशीवर लादलेल्या ओझ्याचे फळ असू शकते. डॉक्सिसायक्लिन कमी करून पातळी खाली आणा.

पायरी ४: ओरखडा

डॉक्सिसायक्लिन फ्लास्कमध्येच २४ तास द्या, मग चारही खान्यांच्या पेशी उचला, ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजा आणि सारख्या संख्येने पेरा. १२ खान्यांच्या प्लेटमध्ये ३ ते ४ लाख, २४ खान्यांच्या प्लेटमध्ये दीड ते दोन लाख. दुसऱ्या दिवशी थर पूर्ण भरलेला हवा. पीटेन आलेल्या पेशी आकाराने थोड्या लहान होतात. त्यामुळे संख्या सारखी असूनही थर विरळ दिसू शकतो, आणि विरळ थराची कडा वेगळ्या तऱ्हेने सरकते. पहिल्या खेपेला नुसते पेरून पाहा आणि दुसऱ्या दिवशी थर सारखा दिसेल असा आकडा ठरवा.

विभाजन थांबवण्यासाठी मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर, दोन तास, मग तीन वेळा धुवा. हे औषध डीएनएला चिकटते. हातमोजे हवेत, कचरा वेगळा, बाटली प्रकाशापासून झाकलेली. दोनचे चार तास झाले तर पेशी मरू लागतात, म्हणून घड्याळ लावा. एका खान्यात ओरखडा न मारता २४ तासांनी पेशी मोजा. संख्या पेरलेल्या दिवसाइतकीच असेल तर औषधाने काम केले. मायटोमायसिन नको असेल तर मोजणी १२ तासांत थांबवा. पीसी-३ ला दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस किंवा जास्त लागतो, त्यामुळे १२ तासांत विभाजनाचा वाटा लहान राहतो. २४ किंवा ४८ तासांचा फोटो सुंदर येतो, पण तो वाढीचा फोटो असतो.

२०० मायक्रोलीटरची टिप उभी, थोडी तिरकी धरून एका दमात सरळ ओढा. घासू नका, मध्ये थांबू नका. रुंदी ६०० ते १,००० मायक्रोमीटर यायला हवी. सुटलेल्या पेशी कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या बफरने किंवा मीडियमनेच, भिंतीवरून हळूच सोडून, दोनदा धुवा. कॅल्शियमविना बफर वापरला तर पेशींमधले जोड सैल होतात आणि कडा दुमडते. दुमडलेल्या कडेचा खाना मोजू नका. मग १ टक्का सिरमचे मीडियम घाला. सिरम पूर्ण काढले तर पीटेन आलेल्या पेशी जास्त मरतात, आणि आपण ज्याला टाळतो आहोत तेच घडते.

प्लेटच्या तळाला मार्करने आडव्या रेषा आधीच मारून ठेवा आणि रेषेच्या वर व खाली एकेक फोटो घ्या. दर वेळी तीच जागा हवी. ०, ४, ८ आणि १२ तासांना ४ किंवा १० पट भिंगाखाली. प्लेटच्या कडेचे खाने वापरू नका. तिथले मीडियम आटते, क्षार वाढतात आणि पेशी मंदावतात. त्यांत नुसते पाणी भरून ठेवा.

ओरखड्यांची रुंदी सारखी येत नसेल तर दोन कप्प्यांचा सिलिकॉन इन्सर्ट घ्या. दोन्ही बाजूंना ७० मायक्रोलीटर, प्रत्येकी ३० ते ४० हजार पेशी. इन्सर्ट काढला की मधे ५०० मायक्रोमीटरची स्वच्छ फट उरते. पैसे जास्त लागतात, पण पेशी जखमी होत नाहीत.

फोटो फिजी या चित्रे मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. ‘इतके टक्के भरला’ हा आकडा सुरुवातीच्या रुंदीवर अवलंबून असतो: अरुंद ओरखडा त्याच वेगाने जास्त टक्के भरतो. त्यापेक्षा कडेचा वेग काढा. समजा रुंदी ० तासाला ८०० आणि १२ तासांनी ५०० मायक्रोमीटर आहे. ३०० मायक्रोमीटर दोन कडांनी मिळून कापले, म्हणजे एका कडेने १५०. भागिले १२, म्हणजे तासाला १२.५ मायक्रोमीटर. हा आकडा वेगवेगळ्या रुंदीच्या ओरखड्यांत ताडून पाहता येतो.

पायरी ५: छिद्रांच्या पडद्यातून

ट्रान्सवेलमध्ये पेशी वरच्या कप्प्यातून ८ मायक्रोमीटरच्या छिद्रांतून खाली जातात. पीसी-३ पेशी छिद्रापेक्षा मोठी असते. तिला अंग चोरून, केंद्रक दाबून जावे लागते, म्हणून ही परीक्षा ओरखड्यापेक्षा वेगळी आहे.

पेशी १२ तास ०.५ टक्के सिरममध्ये ठेवा. सिरमविना मीडियममध्ये ५०,००० पेशी २०० मायक्रोलीटरमध्ये वर घाला, खाली १० टक्के सिरमचे ६०० मायक्रोलीटर. इन्सर्ट तिरका करून सोडा. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढ्या गोलात एकही पेशी उतरत नाही आणि डागलेल्या पडद्यावर पांढरा चंद्र दिसतो. १६ ते २० तासांनी वरच्या बाजूच्या पेशी ओल्या कापसाच्या काडीने दोनदा पुसा, काडी बदलून. नीट पुसले नाही तर वरच्याच पेशी खालच्या म्हणून मोजल्या जातात. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटे, मग ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेटमध्ये २० मिनिटे, पाण्याने धुऊन वाळवा. प्रत्येक पडद्यावर पाच जागा मोजा. त्या आधी ठरवलेल्या असाव्यात, डोळ्यांना भरतील त्या नकोत. बारीक गोल ठिपके ही छिद्रे, पेशी नव्हेत.

दोन खाने जास्तीचे लावा. एकात वर-खाली दोन्हीकडे सिरम नाही, दुसऱ्यात दोन्हीकडे सारखे सिरम. पहिल्यातून पायाभूत आकडा कळतो. दुसऱ्यातून कळते की पेशी सिरमच्या दिशेने ओढल्या जातात, की सिरममुळे नुसत्याच चुळबुळ्या होतात. पीटेनचा परिणाम दिशेवर असेल तर तो इथे उघडा पडतो: चढ असताना फरक मोठा, सपाटीवर फरक लहान.

त्याच वेळी साध्या प्लेटमध्ये तितक्याच पेशी पेरून २० तासांनी मोजा आणि पडद्याचा आकडा त्याने भागा. खालच्या मीडियममध्ये गळून पडलेल्या पेशीही मोजा. पीटेनमुळे चिकटणे बदलले तर उतरलेल्या पेशी पडद्याला न धरता खाली पडतात, आणि त्या नोंदीतून निसटतात.

मेट्रिजेलचा (ऊतीतल्या जाळ्यासारख्या जेलचा) थर देऊन आक्रमण, म्हणजे तो थर भेदून जाणे, मोजायचे असेल तर २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटरचे १०० मायक्रोलीटर वापरा. मेट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर वितळवा, टिपाही थंड. हातात धरलेली नळी काही मिनिटांत थिजते. निकाल लिहिताना थर असलेल्या पडद्याचा आकडा थर नसलेल्याने भागा. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी झाले असतील तर पीटेनने चाल कमी केली आहे. आक्रमणाविषयी वेगळे काही म्हणता येत नाही.

पायरी ६: एकेका पेशीचा माग

वेळ आणि उपकरण मिळत असेल तर हीच पद्धत सर्वात विश्वासाची. संख्या कमी-जास्त झाली तरी एका पेशीचा वेग तो वेगच राहतो. २४ खान्यांच्या प्लेटला १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर फायब्रोनेक्टिनचा एक तास थर द्या, ५,००० पेशी पेरा, सहा तास बसू द्या. मग दर १० मिनिटांनी एक फोटो, १२ तास, म्हणजे ७३ फोटो. तापमान आणि कार्बन डायऑक्साइड स्थिर व्हायला तासभर लागतो. तोवर फोकस सरकत राहतो, म्हणून तो तास आधी जाऊ द्या.

फिजीतल्या ट्रॅकमेटने किंवा हाताने ५० ते १०० पेशींचा माग काढा. विभागणाऱ्या, मरणाऱ्या आणि एकमेकींना धडकणाऱ्या पेशी वगळा, आणि वगळण्याचा नियम आधी लिहून ठेवा. दोन आकडे काढा: एकूण कापलेले अंतर भागिले वेळ, हा वेग; आणि सरळ रेषेतले अंतर भागिले कापलेले अंतर, हा सरळपणा. वेग तोच राहून सरळपणा बदलला तर ओरखड्यात तो ‘हळू चाल’ म्हणून दिसतो. हे नुसत्या ओरखड्यातून कधीच कळले नसते.

पायरी ७: कोणत्या वाटेने?

पीटेनचे तीन बदललेले प्रकार यासाठी वापरात आहेत. सी१२४एस दोन्ही कामे गमावतो. जी१२९ई लिपिडचे काम गमावतो, प्रथिनाचे राखतो. वाय१३८एल याच्या उलट. मूळ पीटेन चाल कमी करते, सी१२४एस करत नाही, वाय१३८एल करते आणि जी१२९ई करत नाही, असे आले तर वाट लिपिडची. जी१२९ईनेही चाल घटली तर प्रथिनाची वाट दुर्लक्षून चालणार नाही. वेगवेगळ्या पेशींत याची उत्तरे वेगवेगळी आली आहेत, तेव्हा दुसऱ्या ऊतीतल्या पेशींचे उत्तर आपल्या प्रोस्टेटच्या पेशींवर लादू नका. चारही प्रकारांची पातळी ब्लॉटवर सारखी हवी. सी१२४एस बहुधा जास्त साठतो, कारण पेशीला त्याचा जाच नसतो.

औषधांनी पडताळायचे तर पीटेन नसलेल्या प्रोस्टेट पेशींत पीआय-३-कायनेजचा पी११०-बीटा हा प्रकार जास्त महत्त्वाचा असतो, हे लक्षात घ्या. नुसत्या अल्फा-रोधकाने काही झाले नाही म्हणून वाट नाकारू नका. एलवाय२९४००२ जुने आणि स्वस्त आहे, पण ते एमटॉर आणि सीके-२ या दुसऱ्या कायनेजांनाही लागते. त्याच्या एकट्याच्या जिवावर निष्कर्ष काढू नये. एकेटी रोखण्यासाठी एमके-२२०६ साधारण १ मायक्रोमोलर. औषधे ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ सगळ्या खान्यांत सारखे, ०.१ टक्क्याच्या आत. एकेटी रोखूनही चाल घटली नाही, पण पीटेनने घटली, तर पीआयपी-३ थेट रॅककडे जाते आहे का ते पाहा.

पी५३, आरबी, ई-कॅडहेरिन यांच्याबाबत

हाच आराखडा दुसऱ्या गाठरोधक प्रथिनांना लावताना प्रत्येकाची अडचण वेगळी. पीसी-३ मध्ये पी५३ परत घातले की पेशी थांबतात किंवा मरतात, त्यामुळे चालीसाठी हातात एखादा दिवसच उरतो. पातळी अगदी कमी ठेवून एकेका पेशीचा माग काढणे एवढाच मार्ग. डीयू१४५ मध्ये बदललेले पी५३ आधीच बसलेले आहे आणि ते घातलेल्या मूळ पी५३ ला अडवू शकते. आरबीचेही दुखणे विभाजनाशीच जोडलेले आहे, म्हणून तिथेही ओरखडा टाळा.

ई-कॅडहेरिन पेशींना एकमेकींना धरून ठेवते, तेव्हा ते पीसी-३ मध्ये वाढवले की चाल थांबेल असे वाटते. पण पीसी-३ मध्ये अल्फा-कॅटेनिनचे जनुकच गळालेले आहे. ई-कॅडहेरिनची पकड आत अ‍ॅक्टिनपर्यंत पोहोचवणारी हीच कडी. ती नसताना पटलावर कितीही ई-कॅडहेरिन दिसले तरी पकड बसत नाही. सहा महिने खर्च करण्याआधी अल्फा-कॅटेनिनचा एक ब्लॉट करून घ्या.

केएआय१, ज्याला सीडी८२ही म्हणतात, १९९५ साली उंदरांच्या (रॅट) प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींत घातलेल्या मानवी ११ व्या गुणसूत्रावर सापडले. ते गाठरोधक नव्हे, मेटास्टॅसिसरोधक: मूळ गाठीच्या वाढीला हात न लावता पसरणे कमी करते. चाल आणि वाढ वेगळी काढण्याच्या सरावासाठी ते पीटेनपेक्षा सोपे आहे.

मोजणीतली एक चूक

एका दिवशी एका प्लेटमधले सहा खाने म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. तो एक प्रयोग. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर निदान तीनदा करा आणि त्या तीन सरासरींवर चाचणी लावा. माग काढलेल्या ३०० पेशींचे ३०० आकडे थेट चाचणीत टाकले तर क्षुल्लक फरकही फार ठळक ठरतो. फोटो मोजणाऱ्याला खाना कोणता हे माहीत नसावे. फायलींची नावे दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या आणि किल्ली मोजणी संपेपर्यंत त्याच्याकडेच राहू द्या.